जुना तांब्याचा बंब थंडीआधी चालू करणं : कामाच्या नोंदी

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

दसरा काल झाला. ३१ तारखेचा गुरुवार नरक चतुर्दशीचा, म्हणजे हातात अठरा दिवस. आंघोळीचं पाणी तापवायचा हा बंब चार पावसाळे माळ्यावर पडून होता.

मापं आधी देतो, कारण कारागिराला फोनवर हीच विचारली जातात. बाहेरचा व्यास ३० सेंमी, मधल्या नळ्याचा (यात जाळ असतो, पाणी त्याच्याभोवती) व्यास १२ सेंमी, पाणी राहतं ती उंची ४० सेंमी. कागदावरच्या हिशेबानं २३.७ लिटर, बादलीनं मोजून भरलं तर २३. रिकामं वजन, लोखंडी जाळीसकट, साडेसात किलो. तोटी बुडापासून ४ सेंमीवर. म्हणजे तोटीखाली दोन-सव्वादोन लिटर पाणी कायम उरतं. हे चुकून झालेलं नाही, बूड कोरडं पडू नये म्हणूनच तोटी तिथं ठेवलेली असते.

आज दिसलेले दोष: तोटी फिरत नाही. जाळीचे मधले तीन गज जळून खाली लोंबलेत. वरचं झाकण हरवलंय. सगळ्यात वाईट म्हणजे राखेच्या कप्प्यात चार वर्षांपूर्वीची राख तशीच. ती पावसाळी दमट हवेत ओल धरते, आणि लाकडाच्या ओल्या राखेतला खार तांबं आणि डाख (सांध्यात वितळवून भरलेला जोडधातू) दोन्ही खातो. राख काढली तर बुडाच्या सांध्याभोवती बोटभर रुंदीचं हिरवट कडं. बंब ठेवून देताना राख काढायला दोन मिनिटं लागतात. ती न काढल्याचा खर्च पुढच्या नोंदींत येईलच.

जळणही आजच काढलं. सुबाभळीची दहा किलो फाटी वजन करून परड्यात उन्हाला टाकली.

१५ ऑक्टोबर, मंगळवार

नळ्याच्या आतली काजळी काढली. तारेचा गोल ब्रश काठीला बांधला, पाऊण तास गेला. नाकाला फडकं बांधूनही दोन दिवस काळं शिंकावं लागतं.

मग गळती शोधली. बंब वर्तमानपत्रावर ठेवून काठोकाठ पाणी भरलं. काजळी काढण्याआधी हाच प्रयोग केला होता तेव्हा तासाला एखादा डाग उमटायचा. आता दहा मिनिटांत कागद भिजला. काजळी आणि राख मिळून भोकं बुजवून ठेवतात, त्यामुळे न घासता "गळत नाही" म्हणण्यात अर्थ नाही. नेमकी जागा सापडावी म्हणून पाणी ओतून दिलं, नळा आणि बूड कोरडं केलं, आतून खडूची पूड पाण्यात कालवून पातळ लेप दिला, तो वाळल्यावर पुन्हा पाणी भरलं. पांढऱ्यावर ओलीची रेघ लगेच दिसते. नळा आणि बूड जिथं मिळतात त्या सांध्यावर, तोटीच्या विरुद्ध बाजूला, साधारण ७ सेंमी लांब फट.

संध्याकाळी परतीचा पाऊस. जळण भिजलं. दोन दिवसांचं वाळवणं वाया.

१७ ऑक्टोबर, गुरुवार

शॉर्टकट करून बघितला आणि फसला. दोन भाग मळून लावायची इपॉक्सी पुट्टी, ९० रुपये. पॉलिश पेपरनं जागा घासून लावली, चोवीस तास ठेवली. पाणी भरल्यावर एक थेंब नाही. मग पाणी असतानाच दोन शेण्या पेटवून पाहिल्या. वीस मिनिटांत पुट्टी तपकिरी झाली, अर्ध्या तासात कडेनं सुटली आणि धार लागली, इंगळ विझले.

कारण सरळ आहे. पाण्याकडची बाजू शंभर अंशांवर जात नाही, पण पुट्टी आगीच्या बाजूनं लावलेली. तिथं थेट ज्वाळा लागते. पाण्याच्या बाजूनं लावायची म्हटली तर हात तिथंवर पोचत नाही. बाहेरच्या भिंतीवरच्या बारीक भोकाला पुट्टी कदाचित चालेल, नळ्याच्या सांध्याला नाही.

१९ ऑक्टोबर, शनिवार

एसी-फ्रिज दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींकडून ब्रेझिंग, म्हणजे जास्त उष्णतेवर धातूची कांडी वितळवून सांधा जोडणं. तांब्याच्या नळ्या जोडायला ते फॉस्फरस-तांब्याची कांडी वापरतात. तांब्याला तांबं जोडताना तिला फ्लक्स (सांधा स्वच्छ ठेवणारी पूड) लागत नाही, म्हणून हे काम घरी येऊन होतं. पितळ मधे आलं की मात्र फ्लक्स हवाच.

जमलं नाही. कांडी वितळली पण सांध्यात शिरेना, वर मण्यासारखे गोळे होऊन घरंगळत राहिले. तीन प्रयत्न, २०० रुपये.

मिस्त्रींनी गोळा नखानं उचकटून दाखवला. खाली राखाडी, मऊ थर. म्हणजे पूर्वी कधीतरी कुणीतरी याच जागी कथील-शिशाचा मऊ डाख दिलेला. "पाणी नसताना जाळ घातलाय कुणीतरी, म्हणून हा सुटला," असं त्यांचं म्हणणं, आणि ते पटतं. मऊ डाख १८३ अंशांच्या पुढं वितळायला लागतो. आत पाणी आहे तोवर सांधा शंभराच्या आसपास राहतो, डाख सुरक्षित. पाणी संपलं आणि खाली इंगळ असले की दोन-तीन मिनिटांत डाख ओघळतो. ब्रेझिंगची कांडी मात्र सातशे अंशांच्या वर काम करते. तेवढ्या उष्णतेत जुनं कथील-शिसं नव्या धातूत मिसळून सांधा ठिसूळ होतो.

म्हणून मऊ डाखावर ब्रेझिंग करायला जाऊ नये. एक तर सगळा मऊ डाख काढावा, नाहीतर पुन्हा मऊ डाखच द्यावा. आम्ही पहिलं निवडलं, कारण घरात उद्या पुन्हा कुणीतरी कोरडा बंब पेटवणारच.

२१ ऑक्टोबर, सोमवार

मऊ डाख काढायची रीत: बंब आडवा, सांधा लहान गॅस बर्नरनं हळूहळू तापवला, राखाडी थर चकाकला की जाड सुती फडक्यानं एका दिशेनं पुसला. नायलॉनचं फडकं नको, चिकटतं. हातमोजे चामड्याचे. असं सहा-सात वेळा. उरलेलं अर्धगोल कानशीनं, शेवटी ८० नंबरच्या पॉलिश पेपरनं, तांब्याचा गुलाबी रंग सलग दिसेपर्यंत. दोघांचे अडीच तास. मोकळ्या हवेतच करावं, शिशाचा धूर आणि धूळ दोन्ही वाईट. पडलेला कीस झाडून वेगळा बांधून टाकला, परड्यात राहू दिला नाही. जुन्या शिशामुळेच पुढंही या बंबातलं पाणी आंघोळीलाच, चहा-स्वयंपाकाला नाही.

दुपारी पुन्हा ब्रेझिंग. या वेळी कांडी पाण्यासारखी सांध्यात ओढली गेली. फरक आणखी एका गोष्टीनं पडला: ज्वाळा कांडीवर न धरता जाड बुडाच्या पत्र्यावर धरली, सांध्याचा पत्रा गडद लाल झाल्यावर कांडी टेकवली. ४५० रुपये. पाणी भरून रात्रभर ठेवला, कागद कोरडा.

इथं थांबलो असतो तर बरं झालं असतं, असं दोन दिवसांनी वाटलं. पण थांबलो असतो तर पुढचा दोष ऐन दिवाळीत निघाला असता.

२३ ऑक्टोबर, बुधवार

ही या कामातली सगळ्यात महागडी चूक, आणि ती फक्त क्रमाची.

नळ्याभोवती पाण्याच्या बाजूला दोन-तीन मिलिमीटर जाडीचा पांढरा क्षार बसलेला. पूर्वी बंबात बोअरचं पाणी भरायचे, त्यानं हा थर लवकर चढतो. क्षाराचा थर उष्णता अडवतो, जळण जास्त लागतं. म्हणून सायट्रिक ॲसिड, किराणा दुकानात लिंबूफूल म्हणून मिळतं ते. लिटरला ५० ग्रॅम, म्हणजे २३ लिटरला सव्वा किलोला थोडं कमी, २४० रुपये. आधी बादलीत कोमट पाण्यात विरघळवून मग बंबात. बंबाखाली जाळ करायचा नाही. चार तास फसफसलं, क्षार गाळासारखा खाली बसला. पाणी ओतलं तेव्हा निळसर हिरवं होतं, म्हणजे थोडं तांबंही उतरलं. म्हणून रात्रभर ठेवू नये. हे पाणी झाडांना घालू नये. गाळ मात्र निघाला सुंदर, नळा पाण्याच्या बाजूनं लख्ख.

आणि मग नळ्याला तीन नवी भोकं. सुईच्या टोकाएवढी, एका ओळीत, जाळीच्या वर चार बोटं. जिथं रोज इंगळ टेकतात तिथं पत्रा पातळ झालेला, आणि इतकी वर्षं ती भोकं क्षारानंच बुजवलेली.

क्रम असा हवा होता: काजळी, मग क्षार, मग गळती शोधणं, मग एकदाच सगळं ब्रेझिंग. आम्ही क्षार शेवटी काढला. चार दिवस आणि मिस्त्रींची एक जादा फेरी गेली.

२६ ऑक्टोबर, शनिवार

भोकांवर नुसती कांडी वितळवायला मिस्त्री तयार नव्हते. पत्रा तिथं कागदासारखा, ज्वाळेनं भोक मोठं होईल. बरोबर होतं. भांडी दुरुस्त करणाऱ्या तांबट कारागिराकडे बंब नेला. त्यांनी आगीच्या बाजूनं ठिगळ बसवलं: ६ × ९ सेंमीचा तांब्याचा पत्रा, आधी तापवून पाण्यात बुडवून मऊ केला, नळ्याच्या गोलाईवर लाकडी हातोडीनं बसवला, कडा कानशीनं निमुळत्या केल्या आणि चारी बाजूंनी पितळी डाख दिला. कडा निमुळत्या का, तर उभी कड राहिली की लाकूड वरून टाकताना तिला आपटतं आणि ठिगळ उचकटतं.

६५० रुपये. पत्रा मऊ करण्यासाठी तांबं पाण्यात बुडवलं की ते कडक होत नाही, लोखंडाच्या उलट. हे माहीत नसलेले बरेच जण तापलेला पत्रा तसाच हळूहळू गार होऊ देतात आणि उगाच वेळ घालवतात.

२७ ऑक्टोबर, रविवार

तोटी आणि जाळी.

तोटी जुन्या पद्धतीची, निमुळत्या पितळी गुट्टीची. आत वॉशर नाही, गुट्टी आणि खोबण एकमेकांना घासून बसतात तेवढीच. चिंच-मिठाच्या पाण्यात तासभर भिजवून, खालचा नट सोडून, लाकडी दांड्यानं उलट बाजूनं ठोकल्यावर गुट्टी सुटली. मोटरसायकल गॅरेजमध्ये मिळणारी व्हॉल्व्ह घासायची पेस्ट (६० रुपये) लावून गुट्टी खोबणीत पाव वळसा पुढं, पाव वळसा मागं, मधूनमधून उचलून, दहा मिनिटं. सगळीकडे सारखा मळकट रंग आला की झालं. पेस्ट रॉकेलनं पूर्ण धुवायची, कण राहिला तर गुट्टी पुन्हा चरते. नवी तोटी अर्धा इंची सहज बसली असती, आटेही जुळत होते. पण स्वस्त तोटीतली प्लास्टिकची आतली दांडी गरम पाण्यात वाकते. टेफ्लॉन टेप २० रुपये, ती उष्णता सोसते.

जाळी कोल्हापूरच्या उद्यमनगरात करून घेतली, १० मिमीचे गज, २८० रुपये. मधली फट ६ मिमी सांगितली ती चूक, का ते पुढच्या नोंदीत.

झाकण म्हणून मधे भोक पाडलेली ॲल्युमिनियमची परात. आकार जवळपास बसतो. बंब उघडा ठेवला तर पाण्यातली बरीच उष्णता वाफेतून जाते, त्यामुळे झाकण काहीही चालेल, पण हवं.

बाहेरून चिंच आणि मीठ लावून घासला. धुऊन लगेच कोरडा केला तो भाग गुलाबी राहिला. तोटीखालचा भाग तसाच ओला राहिला, तो सकाळी काळपट.

२९ ऑक्टोबर, मंगळवार, धनत्रयोदशी

पहिला जाळ. परडं धुरानं भरलं, शेजारून विचारणा झाली.

तीन कारणं एकदम होती. एक, फाटी अजून ओली. १३ तारखेला दहा किलो टाकलेली आज वजन केली तर ८ किलो ९०० ग्रॅम, मधल्या पावसानं वाळवण मागं पडलेलं. वाळलेली दोन फाटी एकमेकांवर आपटली की टणटण वाजतात, ही धपधप वाजत होती. दोन, जाळीची ६ मिमीची फट वीस मिनिटांत राखेनं बुजली, खालून हवा बंद. तीन, नळा गार असताना वरून एकदम जाड लाकूड टाकलं.

२३ लिटर पाणी २४ अंशांवरून ६० ला यायला ४१ मिनिटं, जळण १ किलो ६०० ग्रॅम. पाणी मात्र कुठंही गळलं नाही.

पेटवायच्या घाईत सात-आठ करवंट्या एकदम टाकल्या, तर वरून हातभर ज्वाळा निघाली आणि डोक्यावर ताणलेली निळी ताडपत्री वितळून भोक पडलं. करवंटी चांगली, पण एका वेळी दोनच. बंबाच्या वर दीड मीटरपर्यंत काही नको, वाळत घातलेले कपडेही नकोत.

३० ऑक्टोबर, बुधवार

जाळी परत नेली. एक आड एक गज कापू म्हणाले. तसं केलं असतं तर फट २२ मिमी झाली असती आणि अर्धे इंगळ राखेत पडले असते. गज सोडवून १२ मिमीच्या फटीनं पुन्हा जोडून घेतले, ८० रुपये. फाटी गच्चीवर हलवली. दिवसा उघडी, रात्री फक्त वरून झाकलेली, बाजू मोकळ्या. आता पहाटे दव पडायला लागलंय, उघडं ठेवलेलं जळण सकाळी हाताला गार आणि ओलसर लागतं.

३१ ऑक्टोबर, गुरुवार, नरक चतुर्दशी

पहाटे सव्वाचारला पेटवला. सहा जणांचं अभ्यंगस्नान.

हिशेब आधी केला होता: पाणी ६५ अंशांवर, टाकीतलं २४ वर, आंघोळीला ४० लागतं. म्हणजे बादलीत साधारण चार भाग गरम, सहा भाग गार. तोटीतून निघणाऱ्या वीस-साडेवीस लिटरमध्ये ५१-५२ लिटर आंघोळीचं पाणी, जेमतेम अडीच बादल्या. तरी दोन बादल्या लागोपाठ काढून मगच बंब भरला, त्यामुळे तिसऱ्याला कोमट पाणी आणि उटणं निघेना. नंतर जमलेली पद्धत: एका बादलीसाठी ८ लिटर काढायचं, लगेच ८ लिटर गार ओतायचं, एक फाटं टाकायचं, बारा-पंधरा मिनिटं थांबायचं. ओतताना कडेनं ओतावं. पाण्याची पातळी उतरली असताना तापलेल्या नळ्यावर गार पाणी सपकन पडलं की सांध्याला झटका बसतो, ब्रेझिंग असो वा डाख.

बंब न्हाणीत ठेवायचा मोह थंडीत होतो. ठेवू नये. दार लावलं की इंगळातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड साठतो. त्याला वास नाही, रंग नाही. धूर दिसत नाही तेव्हाच तो जास्त असू शकतो. पाणी बादलीनं आत न्यावं.

६ नोव्हेंबर, बुधवार

नळ्यावर चार इंची पातळ जीआय पाइपचं दोन फुटी धुराडं बसवलं, ३२० रुपये. नळ्याच्या तोंडात पाइप सैल बसतो, फट ओल्या मातीनं लिंपली. लाकूड टाकताना ते उचलून बाजूला ठेवावं लागतं, त्यामुळे जुना चिमटा हाताशी. ओढ चांगली वाढली. इतकी की आता राखेच्या तोंडाला अर्धं झाकण लावावं लागतं, नाहीतर जळण भराभर संपतं.

पेटवायचा क्रम आता ठरला: खालून मक्याच्या कणसाची तीन बुरकुंडं आणि मूठभर पाचट, ती धडधडली की वरून दोन करवंट्या, मग मनगटापेक्षा बारीक, वीतभर लांब फाटी एका वेळी दोन. शेणी शेवटी, पाणी तापल्यावर ऊब टिकवायला. सुरुवातीला शेणी टाकली की धूरच.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार, त्रिपुरी पौर्णिमा

पंचगंगा घाटावर पहाटे पणत्या, हवेत गारवा. टाकीतलं पाणी सकाळी सहाला २२ अंश.

आजची मोजणी: २३ लिटर, २२ वरून ६० ला, २९ मिनिटं, जळण १ किलो १०० ग्रॅम. फाटी पूर्ण वाळलेली, जाळी १२ मिमी, धुराडं लावलेलं. पहिल्या दिवसापेक्षा तिसरा हिस्सा जळण कमी आणि बारा मिनिटं कमी, तेही पाणी जास्त गार असून.

पैशाचा भाग स्पष्ट लिहितो. एवढं पाणी गीझरनं तापवायला एका युनिटच्या आसपास वीज लागते. फाटी विकत घेतली तर खर्च जवळपास तिथंच. तेव्हा बिल वाचेल म्हणून कुणी हे काम करू नये. ज्यांच्याकडे शेतातली फाटी, बुरकुंडं, करवंट्या आहेत किंवा ज्यांची वीज पहाटेच जाते, त्यांच्यासाठी ठीक.

आजवरचा खर्च: पुट्टी ९०, फसलेलं ब्रेझिंग २००, जमलेलं ४५०, लिंबूफूल २४०, ठिगळ ६५०, पेस्ट ६०, टेप २०, जाळी २८० अधिक ८०, धुराडं ३२०. एकूण २,३९० रुपये. पुट्टी, पहिलं ब्रेझिंग आणि जाळीची दुरुस्ती हे ३७० सरळ वाया. क्षार आधी काढला असता तर सांधा आणि ठिगळ तांबटाकडेच एका फेरीत झालं असतं.

८ डिसेंबर, रविवार

रोज एक खेप चालू आहे. राख एक दिवसाआड काढतो, पूर्ण गार झाल्यावर, पत्र्याच्या डब्यात. प्लास्टिकच्या बादलीत राख टाकून बुडाला भोक पाडण्याचा अनुभवही घेऊन झाला, वरून गार दिसणाऱ्या राखेत दुसऱ्या दिवशीही इंगळ असतो.

ठिगळ आणि सांधा कोरडे. तोटी मात्र पाणी उकळत आलं की मिनिटाला दोन-तीन थेंब सोडते, गार झाल्यावर बंद. गुट्टी आणि खोबण उष्णतेनं सारख्या फुगत नसाव्यात, किंवा खालचा नट तापल्यावर सैल पडत असावा. नट पाव वळसा आवळला तर तोटी फिरेना. सध्या खाली वाटी ठेवली आहे. नटाखाली स्प्रिंग वॉशर घालून बघायचं आहे.